कौसल्याबाईंचे आठ तास

कौसल्याबाईंचा प्रश्न एकच होता आणि तो काही अवघड नव्हता. लाइन गेली की नवऱ्याचं ऑक्सिजनचं मशीन आठ तास चाललं पाहिजे, ते कशाने चालेल? महिनाभरात वणीच्या त्यांच्या घरी चार सोलरवाले येऊन गेले. चौघांनी मिळून अकरा कप चहा घेतला आणि या प्रश्नाचं उत्तर सोडून बाकी सगळं सांगितलं. वीजबिल शून्यावर येईल, हे सांगितलं. सबसिडी थेट खात्यात पडेल, हे सांगितलं. एकाने तर पॅनेल उंच खांबांवर बसवा म्हणजे खाली नातवंडांचे वाढदिवस करता येतील, असंही सुचवलं. कौसल्याबाईंना नातवंड एकच, लेकीचं, तेही पुसदला, आणि त्याचा वाढदिवस भर पावसाळ्यात.

"अरे बाप्पा, मी मशीनचं विचारून राह्यली," त्या म्हणत.

"चालते ना काकू, सगळं चालते," आलेला सोलरवाला म्हणे, आणि पुन्हा बिलावर येई.

यात भर घातली ती संघदीपने. संघदीप त्यांचा मुलगा, पुण्याला कंपनीत. आईला मदत करावी म्हणून त्याने तिकडे बसून कुठल्याशा साइटवर आईचा नंबर टाकला. तेव्हापासून सकाळी भाजी फोडणीला टाकायची वेळ आणि सोलरवाल्यांची फोन करायची वेळ एकच झाली. एक जण तर अशा हिंदीत बोले की त्यातला 'मॅडम' तेवढा कळे. शिवाय संघदीप रोज व्हिडिओ पाठवी. प्रत्येक व्हिडिओत एक माणूस गच्चीवर उभा राहून सांगे की बाकीचे सगळे फसवतात. कौसल्याबाईंनी पहिले नऊ-दहा मन लावून पाहिले. मग त्यांनी मुलाला सांगितलं, की हे सगळे एकमेकांना फसवे म्हणतात तर मी त्यांचं म्हणणं खरं धरून चालते.

अशा बोलण्याला त्यांच्या आयुष्याचा आधार होता. चंद्रपूर रस्त्यावरच्या एका खासगी धरमकाट्यावर त्यांनी चोवीस वर्षं काढली होती. काट्याच्या लोखंडी पाटावर ट्रक येई, खिडकीआड बसलेल्या कौसल्याबाई बटण दाबत, आकडा उमटे, पावती निघे. आधी रिकाम्या गाडीचं वजन, मग भरलेल्या गाडीचं. कोळसा, कापूस, सोयाबीन, गिट्टी, सगळं त्या पाटावरून गेलं. ड्रायव्हर सांगतो ते त्याचं मत, काटा सांगतो ते वजन, एवढं एक त्या काट्यावर शिकल्या. आणि काट्यालाही चकवणारे होतेच. कोणी रिकामी गाडी तोलताना क्लीनरला केबिनमध्ये दडवून बसवी, कोणी भरलेली गाडी तोलताना मागचं एक चाक हळूच पाटाच्या बाहेर ठेवी. म्हणून बटण दाबण्याआधी कौसल्याबाई बाहेर येत, गाडीभोवती पूर्ण एक फेरी मारत आणि मगच आत जात. भर उन्हाळ्यात असो की चिखलात, फेरी चुकली नाही.

त्यांचे यजमान बाबाराव ट्रक ड्रायव्हर. अकरा वर्षं त्यांची गाडी याच काट्यावरून गेली, आणि त्यांच्याही गाडीभोवती ती फेरी झाली. बाकीच्या ड्रायव्हरांना तेवढंच पुरे झालं. घरी पोळ्या तरी बिनतोलता वाढते का, असं ते बाबारावांना विचारत. बाबाराव हसत, पण चाक कधी बाहेर ठेवलं नाही. निदान सापडलं तरी नाही.

तीस वर्षं रस्त्याची धूळ आणि दिवसाला दोन कट्टे बिडी, यांनी मिळून बाबारावांच्या फुप्फुसांचं मातेरं केलं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी घरी मशीन लावायला सांगितलं. दिवसरात्र नाकात नळी. मशीन चाकांवरच्या सुटकेसएवढं, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात घुमत बसलेलं. त्याच्यापासून निघालेली लांब नळी धरून बाबाराव न्हाणीपर्यंत जाऊ शकत, अंगणातल्या पायरीपर्यंत जाऊ शकत, तिथून पुढे नाही. लाखो किलोमीटर गाडी हाकलेल्या माणसाचा रस्ता बारा हात लांबीचा झाला.

लाइन गेली तर घरातला जुना इन्व्हर्टर ते मशीन सव्वा तास ओढी. मग ऑक्सिजनचा एक लहान सिलिंडर होता, तो चारेक तास पुरे. एवढ्यावर एरवी भागत असे. पण एप्रिलमध्ये एका दिवशी अकरा वाजता ट्रान्सफॉर्मर जळला. पारा पंचेचाळीसला, रस्त्यावर कुत्रं नाही. इन्व्हर्टर संपला, सिलिंडर संपला, सिलिंडर भरून देणाऱ्याचं दुकान लग्नासाठी बंद. ऑटो मिळून दवाखान्यात पोचेपर्यंत कौसल्याबाईंनी बाबारावांच्या ओठांचा रंग बदलताना पाहिला. लाइन रात्री आठला आली. त्या दिवशी त्यांनी हिशेब बांधला: आठ तास बॅटरीचे पाहिजेत, वर सिलिंडर. बॅटरी भरायला गच्चीवरचं ऊन आहेच, वणीत त्याला तोटा नाही. आता ही एवढी गोष्ट विकत घ्यायची होती, आणि ती विकणारा माणूस काही सापडत नव्हता.

चौथा जो आला त्याचं नाव बंटी. गावातलाच, दुकान नवीन, शर्टाच्या खिशावर सूर्य छापलेला. त्याने इतर तिघांपेक्षा जोरात सांगितलं की लाइन गेली तरी घर चालतं. कौसल्याबाईंनी विचारलं, कोणाचं चालतं ते दाखव. बंटी म्हणाला, मागच्या आळीतल्या रामराव गुरुजींकडे मीच बसवलं, चला आत्ता. त्यालाही वाटलं नसावं की त्या खरंच चपला घालतील.

रामराव गुरुजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. गच्चीवर आठ पॅनेल, आणि आल्यागेल्याला मोबाइलवर आजची वीज किती झाली ते दाखवायचा छंद. दुपारी साडेबाराला कौसल्याबाई पोचल्या तेव्हा पॅनेल नुसती तळपत होती. घरात धम्मरत्न नावाचा वायरमन इन्व्हर्टरची जुनी बॅटरी काढत बसला होता. ती कालच तपासणीत बाद ठरली होती आणि तो नवी घेऊन आला होता. मूळचा केळापूरचा, वणीत एका गाळ्याचं दुकान, विचारलं तेवढंच बोलणारा माणूस. कौसल्याबाईंना त्याने जय भीम केला आणि पुन्हा पाना हातात घेतला.

गुरुजींनी मोबाइल दाखवला. कौसल्याबाईंनी तो पाहिला आणि विचारलं, "गुरुजी, मेन पाडू का?"

"पाडा ना," गुरुजी म्हणाले. "वर सूर्य बसला हाये."

कौसल्याबाईंनी मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला. टीव्ही गेला. फ्रिजने एक उचकी दिली आणि तोही गप्प झाला. गुरुजी म्हणाले, जरा थांबा, सुरू होतो. सगळे थांबले. दोन मिनिटांत गुरुजींच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला. स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी विमलताई हातात मिक्सरचं भांडं घेऊन बाहेर आल्या आणि कोणी बंद केलं म्हणून विचारू लागल्या. गुरुजींनी बंटीकडे पाहिलं. बंटीने छताकडे पाहिलं.

मग बंटी म्हणाला की ही ऑन-ग्रिड सिस्टिम आहे. त्याचा अर्थ त्याने सांगितला नाही, तो धम्मरत्नने सांगितला, तोही बॅटरीवरून नजर न काढता. लाइन गेली म्हणजे कुठेतरी लाइनमन खांबावर चढला असतो. तुमच्या पॅनेलची वीज त्या तारेत उलटी गेली तर तो मरेल. म्हणून लाइन गेली की अशी सिस्टिम आपणहून बंद पडते. ती बिघडलेली नाही, ती तशीच असते. आजवर लाइन गेली की गुरुजींचा जुना इन्व्हर्टर चालू होई आणि गुरुजींना वाटे, सोलर चाललं.

दीड वर्ष. दीड वर्ष शिकलासवरलेला माणूस गच्चीकडे बोट दाखवून गावाला सांगत होता, आणि चालत होती ती जिन्याखालची बॅटरी. कौसल्याबाईंना हसू आलं नाही. त्यांच्या मनात आलं, आपण या बंटीचं ऐकलं असतं तर हे आपल्याला कोणत्या दिवशी कळलं असतं.

"तुमी माहं चांगलं चाललेलं बंद पाडून दाखवलं," गुरुजी त्यांना म्हणाले, आणि पुढचे आठ दिवस तेच आळीत सांगत राहिले.

कौसल्याबाईंनी धम्मरत्नला घरी बोलावलं. तो आला, मशीनच्या पाठीमागची पाटी वाचली, चिमट्यासारखा मीटर वायरीला लावून पाहिला आणि मग सांगितलं. हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागेल, तो बॅटरीवर चालतो, लाइन असो नसो. बॅटरी दोन प्रकारच्या. एक साध्या पाण्याच्या, चारचा संच, तीन वर्षांची गॅरंटी. दुसरी लिथियमची, भिंतीवर टांगायचा एक डबा, दहा वर्षांची गॅरंटी, किंमत जवळपास दुप्पट. नुसतं मशीन धरलं तर पहिली पावणेसात ते सात तास देईल, दुसरी नऊ-साडेनऊ.

महिनाभरात पहिल्यांदा कोणीतरी तासांत बोललं होतं. कौसल्याबाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी त्याला चहासोबत चिवडाही दिला.

पण घरात शांतता कुठली. बाबारावांनी पाण्याच्या बॅटरीचा कागद हातात घेतला आणि त्यावर छापलेले आकडे दाखवून म्हणाले, की कंपनीच नऊ तास सांगते, हा पोरगा सात म्हणतो, म्हणजे याला महागाचा डबा विकायचा आहे. संघदीपने पुण्याहून फोन करून सांगितलं, आई, लिथियमच घे, आणि पाठोपाठ दोन व्हिडिओ टाकले. त्यातल्या एकात लिथियम पेटलेली होती. तो चुकून आला, असं तो नंतर म्हणाला. बाबारावांनी तो चारदा पाहिला.

कौसल्याबाईंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि धम्मरत्नला विचारलं, "तू सात म्हणतं, कागद नऊ म्हणते. मले रिकामी करून दाखवशीन का?"

"म्हणजे?"

"भरलेली बॅटरी आन. मशीन लाव. बंद पडेपर्यंत चालू दे. दोन्हीची."

धम्मरत्नने मान खाजवली. असं आजवर कोणी मागितलं नव्हतं, तो म्हणाला. पण पाण्याच्या बॅटऱ्यांचा एक संच दुकानात होता, आणि लिथियमचा नमुना नागपूरच्या डीलरकडून दोन दिवसांसाठी आणता आला असता. बंटीला जेव्हा हे कळलं तेव्हा तो म्हणाला, ही बाई साडी घेताना धुवून मागत असेल.

पहिली पाळी पाण्याच्या बॅटऱ्यांची. सकाळी आठला मशीन त्यांच्यावर टाकलं, वेळ कॅलेंडरच्या कडेला लिहिली. मशीनच्या पाठीमागे ते आजवर किती तास चाललं ते दाखवणारा एक बारका आकडा असतो. फिल्टर धुताना तो टिपायची कौसल्याबाईंची सवय होती. त्यांनी तो सकाळी टिपून ठेवला, कारण कुठल्याही कामाच्या आधी आकडा टिपल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. बाबाराव त्या दिवशी फार खुशीत होते. एरवी नळीला शिव्या घालणारा माणूस, आज खुर्ची मशीनजवळ ओढून बसला होता.

दुपारी धम्मरत्न गच्ची मोजायला आला आणि कौसल्याबाई त्याच्याबरोबर वर गेल्या. तिथे दीड तास गेला, कारण त्यांना एकेक गोष्ट पटवून घ्यायची होती. शेजाऱ्याच्या टाकीची सावली चार वाजता कुठे येते? पॅनेल किती वाकवायची? त्यांनी कठड्यावरून बोट फिरवलं आणि त्याला दाखवलं. बोट काळं. ट्रकांच्या रांगा ज्या रस्त्याने जातात त्या रस्त्यावरच्या गावात कठडा आज पुसला तर उद्या काळा. हीच काजळी पॅनेलवर बसणार. वाढदिवसवाल्या उंच खांबांवर चढून ती कोण धुणार? धम्मरत्न म्हणाला, पॅनेल कमरेएवढी ठेवू, तुम्ही उभ्या उभ्या वायपर मारा. हेही त्याच्याआधीच्या कोणाला सुचलं नव्हतं. महिनाभर ते सगळे याच गावाच्या धुळीतून गाड्या हाकत आले होते.

खाली येऊन जेवण झालं, भांडी झाली, आणि आतल्या खोलीत जरा पाठ टेकते म्हणून कौसल्याबाई आडव्या झाल्या त्या तासभर झोपल्याच. पाच वाजून वीस मिनिटांनी मशीन चिरकलं आणि बंद पडलं. धम्मरत्न तोवर परत आला होता. त्याने घड्याळ पाहिलं, कॅलेंडर पाहिलं, पुन्हा घड्याळ पाहिलं. नऊ तास वीस मिनिटं.

"पाह्य," बाबाराव म्हणाले. "कागद खरा निघाला. आता हेच घेऊन टाक."

धम्मरत्नचा चेहरा मात्र पडला. त्याने बॅटरीच्या टोकांना मीटर लावला, वायरी चाचपल्या आणि म्हणाला, "काकू, हे बरोबर नाई. माह्या बॅटरीत एवढा दम नाई."

बाबाराव उखडले. विकणारा स्वतःच्या मालाला नाव ठेवतो, असला दुकानदार आपण उभ्या जन्मात पाहिला नाही, म्हणाले. बोलताना त्यांना धाप लागली. कौसल्याबाईंनी मशीन पुन्हा घरच्या लाइनवर लावलं आणि नळी त्यांच्या नाकाशी नीट केली. तेवढ्यात त्यांना नखं दिसली. नखांचा निळसर रंग त्यांना एप्रिलपासून ओळखीचा होता.

काट्यावर एखाद्या गाडीचं वजन व्हायला पाहिजे त्याहून वेगळं उमटलं, तर त्या काट्याला दोष देत नसत, बाहेर येऊन गाडी पाहत. त्या उठल्या आणि मशीनच्या मागे जाऊन वाकल्या. सकाळचा आकडा आणि आताचा आकडा यांत पुरते सात तासही नव्हते. घड्याळाचे नऊ तास वीस, मशीनचे पावणेसात. मधले अडीच तास मशीन चाललंच नव्हतं.

त्यांनी आकडा मोठ्याने वाचला नाही. धम्मरत्नने तो त्यांच्या खांद्यावरून वाचला होता बहुतेक, कारण गाडीतून काहीतरी आणायचं राहिलं, असं म्हणून तो बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

"कवा बंद केलं?" कौसल्याबाईंनी विचारलं.

बाबाराव म्हणाले, मशीनमधला आकडाच बिघडला असेल. मग म्हणाले, मध्ये गरम झालं होतं म्हणून दोन मिनिटं बंद ठेवलं. मग म्हणाले, "तू गच्चीवर गेलती तवा. आन् झोपली तवा."

कौसल्याबाई खाली बसल्या. चोवीस वर्षं त्यांनी ड्रायव्हरांच्या लबाड्या पाहिल्या होत्या. दोन क्विंटलसाठी, चार क्विंटलसाठी, बिडीकाडीच्या पैशासाठी. पण पाटाच्या बाहेर स्वतःचा श्वास ठेवणारा ड्रायव्हर त्यांनी पाहिला नव्हता, आणि तो नेमका त्यांच्याच घरात निघावा याचा त्यांना भयंकर संताप आला.

"हवा पुरावी म्हणून बॅटरी घेऊन राह्यलो," त्या म्हणाल्या, "आन् बॅटरी पास व्हावी म्हणून तुमी हवा बंद करून बसले. अडीच तास. कोन्या शाळेत शिकले हे?"

"मरतो थोडाच मी अडीच तासात."

"कायले केलं?"

बाबाराव नळीशी चाळा करत राहिले.

"त्या डब्याची गॅरंटी दहा वर्षांची हाये, रुपालीचे माय," ते म्हणाले. रुपाली त्यांची पुसदची लेक; बायकोला ते तिच्याच नावाने हाक मारत. "मी काय दहा वर्षं राह्यतो? मले तीन वर्षांची पुरते. त्यातलीबी उरंन. मेलेल्या माणसासाठी कायले एवढा मोठा डबा टांगतं भिंतीवर."

महिनाभराचे सगळे चहा, फोन, व्हिडिओ, गुरुजींचे टोमणे कौसल्याबाईंनी निमूट गिळले होते. हे गिळता येण्यासारखं नव्हतं. हा माणूस इतके दिवस कागद हातात घेऊन भांडला ते तासांसाठी नव्हतंच. तो गॅरंटीची वर्षं वाचत होता आणि स्वतःला त्यातून वजा करत होता.

"गॅरंटी डब्याची हाये," त्या म्हणाल्या. "तुमची मी कवा मागतली? तुमच्यामागं उरली त मी वापरीन. मले का पंखा लागत नाई? का तुमच्यामागं मी उकडून मरू?"

बाबारावांनी वर पाहिलं. हा मुद्दा त्यांच्या डोक्यात आलेला दिसत नव्हता.

"आन् पुन्हा त्या बटनाले हात लावला," कौसल्याबाई म्हणाल्या, "त मी पुण्याले फोन करून संघदीपले इथी बोलावते. मग पाहत बसा रोजचे दहा व्हिडिओ."

लिथियमचा डबा तीन दिवसांनी आला. या वेळी कौसल्याबाईंनी सकाळी आठला आपली खुर्ची बटणाजवळ मांडली आणि तिथून हलल्या नाहीत. भाजी तिथेच निवडली, जेवण ताट मांडीवर घेऊन तिथेच केलं. बाबाराव न्हाणीत गेले तेव्हाही त्या नळी हातात धरून दाराशी उभ्या राहिल्या, आणि आतून ते काय म्हणाले ते सांगण्यासारखं नाही. दुपारी विमलताई येऊन बसल्या. गुरुजींना सांगू नका, म्हणाल्या, पण आमच्यालेबी असा डबा जोडता येते का ते विचारायचं होतं. बाबाराव दिवसभर फुरंगटून होते. तीनच्या सुमाराला ते आपणहून बोलू लागले. तेलंगणात कापसाच्या गाठी घेऊन जाताना एकदा गाडी नाल्यात फसली होती, ते सांगितलं. ती गोष्ट कौसल्याबाईंनी पूर्वी ऐकली होती, पण तिचा शेवट वेगळा होता. त्यांनी ते बोलून दाखवलं. त्यावरून पुन्हा अर्धा तास गेला.

नऊ तास दहा मिनिटांनी मशीन चिरकलं. मशीनमधला आकडाही तेवढंच सांगत होता. धम्मरत्नने साडेनऊपर्यंत सांगितले होते, वीस मिनिटं कमी पडली, हे कौसल्याबाईंनी त्याला ऐकवलं. त्याने ते मान्य केलं. मग त्यांनी डबा घेतला.

मृग लागायच्या आधी पॅनेल चढली, कमरेएवढ्या उंचीवर. चौथ्या दिवशी वादळ झालं आणि दुपारी दोनला लाइन गेली. शेजारचा कूलर थांबला म्हणून कळलं. मशीन घुमत होतं. कौसल्याबाई सव्वा सातपर्यंत दर दहा मिनिटांनी त्याच्याकडे पाहत राहिल्या. लाइन आली तेव्हा डब्यावर दहापैकी चार हिरवे दिवे शिल्लक होते, आणि सिलिंडर कोपऱ्यात न उघडता उभा होता.

आठवड्याने धम्मरत्न गॅरंटीचं कार्ड घेऊन आला. त्यावर मालकाचं नाव आणि सही पाहिजे होती. त्याने कार्ड कौसल्याबाईंपुढे धरलं. त्यांनी ते बाबारावांपुढे सरकवलं.

"तूच कर ना," बाबाराव म्हणाले. "दहा वर्षांनी बिघडला त मी कुठी येनार हाये दुकानात?"

पेन पुढे धरून कौसल्याबाई उभ्या राहिल्या. धम्मरत्नने नेमकी तेव्हाच एक वायर तपासायला घेतली. मशीन घुमत होतं. बाबारावांनी चष्मा शोधला, तो डोळ्यांवरच होता. कार्ड वाचलं, मागची बारीक अक्षरं वाचली, कोणत्या साली संपते ते वाचलं, आणि ट्रकच्या लॉगबुकावर करत तशी एक लांबलचक सही ठोकली.

त्यानंतर डबा भिंतीवर वाकडा बसला आहे, असं म्हणून ते धम्मरत्नशी अर्धा तास भांडले. तो मुळीच वाकडा नव्हता.